चौथी बाजू

१

गुरुवारी संध्याकाळी सव्वापाचला फौजदारबाई रेकॉर्डच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिरल्या, तेव्हा तबकडीवाले आपल्या खुर्चीत मरून बसले होते आणि त्यांच्यासमोर रेकॉर्ड अजून फिरत होती.

मान जराशी कललेली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर नीट ठेवलेले. गाणं ऐकता ऐकता म्हाताऱ्याला डुलकी लागली असावी असंच कुणालाही वाटलं असतं. पण डोक्याच्या मागे केस रक्तानं चिकटले होते, आणि ज्या काळ्या दगडाच्या लादीवर प्लेअर ठेवला होता तिच्या कोपऱ्यावर घाईघाईनं पुसलेला एक डाग होता. चालताना जमीन हादरून सुई उडू नये म्हणून ती जड लादी तिथं बसवलेली होती. तिच्यावर डोकं आपटलेला माणूस आपण होऊन उठतो आणि हात जागच्या जागी ठेवून बसतो, असं काही होत नाही. त्याला कुणीतरी बसवलं होतं.

बाईंनी खोली पाहून घेतली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि त्यांत दाटीवाटीनं उभ्या रेकॉर्ड. प्लेअरची सुई बाहेरून आत सगळा प्रवास करून शेवटच्या वर्तुळात फिरत राहिली होती. तबकडीच्या मधोमध कोरा पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर एक अक्षर नाही. लादीवर एक रिकामं कागदी पाकीट होतं आणि त्यावर शाईनं ‘पहिली’ असं लिहिलेलं होतं.

बाईंना काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्याचं त्यांना नवलही वाटलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवाही हल्ली कुरकुर करू लागला होता. कचेरीत ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. कळली असती तर त्यांच्या हाती तपासाऐवजी जुन्या फायलींचा गठ्ठा आला असता.

साडेपाचला मुलगा आला. चाळिशीचा, नीटनेटका, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. वडिलांना पाहून तो दारातच खाली बसला आणि रडला. मग उठून सरळ अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेला. “बाबा याला असं तापत ठेवायचे नाहीत,” म्हणाला आणि हवालदार हां हां म्हणेपर्यंत त्यानं दोन खटके फिरवले. लाल दिवा विझला. हवालदारानं त्याला बाजूला घेतलं, सुई उचलली, प्लेअर बंद केला. फौजदारबाई मनातून चरफडल्या, पण बाप मेलेल्या माणसावर किती ओरडणार.

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई खाली आल्या. वरच्या मजल्यावर कपडे शिवायच्या. सगळी गल्ली त्यांना शिवणमावशी म्हणायची. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि कुणी न विचारताच सांगितलं, “चार वाजून वीस मिनिटांपर्यंत ते धडधाकट होते हो. त्यांनी रेकॉर्ड उलटलेली मी ऐकली ना.”

२

मावशींचं म्हणणं असं होतं.

तबकडीवाल्यांची बायको गायची. जन्मात एकच जाहीर मैफल केली आणि पुढच्याच वर्षी गेली, तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. त्या मैफलीच्या दोन रेकॉर्ड निघाल्या होत्या, म्हणजे चार बाजू. मोजकेच संच निघाले, आणि त्यातला हा एक तबकडीवाल्यांपाशी उरला होता. रेकॉर्ड झिजू नये म्हणून ते ती आठवड्यातून एकदाच लावायचे. गुरुवारी बरोबर चारला दुकानाचं दार आतून ओढायचे, पहिल्या दोन बाजू ऐकायचे आणि पावणेपाचला उघडायचे. या वेळेत आत जायचं नाही, हे गिऱ्हाइकांनाही पाठ होतं. मावशीही चारला मशीन थांबवून चहा घेऊन बसायच्या. फळ्यांची जमीन असल्यामुळे खालचा शब्द न् शब्द वर यायचा.

आजही चारला गाणं सुरू झालं. तिन्ही गाणी झाली, मग रेकॉर्ड उलटायला लागतो तेवढा वेळ शांतता, मग दुसऱ्या बाजूची संथ गाणी. सगळं ओळीनं, रोजच्यासारखं.

“अगदी रोजच्यासारखं?” बाईंनी विचारलं.

मावशी अडखळल्या. “एक खोकला तेवढा इकडचा तिकडे झाला. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात कुणीतरी खोकतं, रेकॉर्डमध्येच. मला त्याची इतकी सवय झालीय की तो आला की मी कप खाली ठेवते. आज तो तिथं आला नाही. पहिल्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात दोनदा आला. म्हटलं यंत्र जुनं, त्याला म्हातारचळ लागला असेल.”

हवालदार गालातल्या गालात हसला. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. माणूस फालतू म्हणून जे सांगतो ते आधी लिहायचं, ही त्यांची जुनी खोड होती.

चारच्या आधी काही आवाज, भांडण? मावशींनी मान हलवली. तोवर मशीन धडधडत होतं. मात्र सकाळी अकराला तबकडीवाले कुणावर तरी जोरात ओरडत होते, आणि ते कुणावर हेही त्यांना माहीत होतं. सुईवर.

सुई हे दुकानात काम करणाऱ्या बाईला पडलेलं नाव होतं. वय पन्नाशीचं. प्लेअर दुरुस्त करावा तर तिनंच. प्रेत पहिल्यांदा तिनंच पाहिलं. दुकानाचं दार ओढलं की आपोआप लागायचं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही. किल्ल्या दोनच. एक तबकडीवाल्यांच्या खिशात सापडली, दुसरी सुईच्या कमरेला होती. मुलानं आपली किल्ली घर सोडलं तेव्हाच परत केली होती. शिवाय साडेचारपासून सुई दुकानाच्या पायरीवर बसली होती, हे तिनंच कबूल केलं होतं. आतलं गाणं संपायची वाट पाहत होती म्हणे.

हिशेब सरळ होता. चार वीसला ज्यानं रेकॉर्ड उलटली तो जिवंत होता. पावणेपाचला तो मेलेला होता. मधल्या पंचवीस मिनिटांत दाराशी किल्ली घेऊन एकच माणूस होता.

कचेरीतल्या साहेबांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले की यात आणखी शोधण्यासारखं काय आहे. उद्या दुपारी बारापर्यंत त्या बाईला आत घ्या.

३

सुईचं घर दोन खोल्यांचं होतं. फौजदारबाई गेल्या तेव्हा ती नवऱ्याची कूस बदलत होती. दोन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला आणि गळ्याखालचं सगळं अंग गेलं. दर दोन तासांनी त्याला उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे करावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. त्यासाठीच ती दुपारी अडीचला दुकानातून निघाली होती आणि साडेचारची पाळी सव्वाचारलाच उरकून परत आली होती. “मला आत घ्याल तर यांना कोण वळवणार, तेवढं आधी ठरवा,” ती म्हणाली. आवाजात ना राग, ना रडं. बाईंना ते फार लागलं.

सकाळच्या भांडणाबद्दल तिनं काही लपवलं नाही. तबकडीवाल्यांचं दुकान सतरा वर्षं बंद होतं. गाणी फोनमध्ये गेली आणि लोकांनी रेकॉर्ड अक्षरशः रस्त्यावर फेकल्या. हा माणूस त्या उचलून आणून पुसत बसला. पाच वर्षांपूर्वी पुन्हा एकेक पोरगं येऊ लागलं. ज्यांच्या खिशात जगातली सगळी गाणी होती तीच पोरं इथं येऊन एका गाण्यासाठी तासभर उभी राहायची. तबकडीवाले त्यांना सांगायचे, फोनवर गाणं चालू असतं, इथं ते ऐकावं लागतं. वीस मिनिटांनी उठून उलटावं लागतं, म्हणून माणूस जागा राहतो.

अशाच एका पोरानं आज सकाळी त्यांना फोनवर एक गाणं ऐकवलं. ओळखा पाहू आवाज कुणाचा, म्हणाला. आवाज बायकोचा होता. गाणं मात्र गेल्या महिन्यातलं होतं, आणि ती जाऊन छत्तीस वर्षं झाली होती.

“पांढरे पडले एकदम,” सुई म्हणाली. “कुणीतरी त्यांचा आवाज यंत्राला शिकवला होता. म्हणजे रेकॉर्डची नक्कल बाहेर गेली, आणि फळीला हात लावू देत ते फक्त मला. माझ्यावर उखडले. मी म्हटलं, मी नाही दिली. ते त्यांना पटलं. मग म्हणाले, तू नाहीस, तर एकच माणूस उरतो. कोण ते सांगितलं नाही.”

आत शिरल्यावर काय पाहिलं, असं विचारल्यावर तिनं डोळे मिटले. खुर्ची, रक्त, फिरणारी रेकॉर्ड. आणि आवाज? आवाज कसला, काहीच नव्हता, ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे उघडले. काहीतरी आठवल्यासारखी ती बाईंकडे पाहत राहिली, पण त्याच वेळी आतून नवऱ्यानं हाक मारली आणि ती उठून गेली.

४

शुक्रवारी सकाळी आठला बाईंनी मुलाला गाठलं. तो फोनवर गाणी ऐकवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. ऑफिस दुकानापासून पायी दहा मिनिटांवर. काल पावणेचार ते सव्वापाच तो मीटिंगमध्ये होता आणि तसं सांगणारी नऊ माणसं होती. फोन हातात, डोकं खाली, सगळी असतात तशीच.

आईच्या आवाजाचं नवं गाणं त्याच्याच कंपनीनं काढलं होतं, हे त्यानं मान्य केलं. पण तो आवाज त्याला घरातल्या एका जुन्या टेपवरून मिळाला होता म्हणे. ती मैफल? “तो संच बाबांनी मला कधी हातात घेऊ दिला नाही. त्यावर काय आहे तेही मला धड माहीत नाही.” मग तो हळू आवाजात म्हणाला की सुईबद्दल वाईट बोलायची इच्छा नाही, पण ती बाई अडचणीत आहे आणि त्या संचासाठी एक डॉक्टर वेडा झालाय.

डॉक्टर म्हणजे दंतवैद्य. त्याच्या दवाखान्यात दातांच्या चित्रांपेक्षा रेकॉर्डची कव्हरं जास्त लावलेली होती. परवाच तो तबकडीवाल्यांशी तावातावानं भांडला होता. संच विकत नाही तर निदान एकदा ऐकू तरी द्या म्हणून. मारायला? छे, काल तीन ते पाच तो एका बाईची अक्कलदाढ काढत होता आणि ती त्याचा जीव काढत होती.

बाई उठायला लागल्या तसा तो घाईनं म्हणाला, संचाला हात लावताना सांभाळा. “आणि त्याच्या बाजू उलटसुलट आहेत, हे ध्यानात ठेवा. अजाण माणूस फसतो.”

“उलटसुलट म्हणजे?”

डॉक्टर खुलला. त्या काळी एक यंत्र असायचं, त्यात दोन-तीन तबकड्या एकावर एक रचून ठेवायच्या. खालची वाजून झाली की वरची आपोआप पडायची. माणसाला उठायला नको. त्या यंत्राच्या सोयीसाठी मोठ्या संचांत पहिल्या तबकडीच्या एका अंगाला पहिली बाजू आणि तिच्या पाठीला चौथी छापत. दुसरी नि तिसरी बाजू दुसऱ्या तबकडीवर. म्हणजे आधी दोन्ही तबकड्या एका अंगानं वाजायच्या, मग गठ्ठा तसाच उलटून ठेवायचा. “ज्यानं ही मैफल कधी हातानं लावलीय तो पहिल्या बाजूनंतर रेकॉर्ड उलटणारच नाही. उतरवेल आणि दुसरी लावेल. आम्हाला हे झोपेतही चुकायचं नाही. सुईला विचारा.”

फौजदारबाई पुन्हा खाली बसल्या. मग उठल्या आणि जवळजवळ धावतच जीपपाशी गेल्या. दहा वाजले होते.

५

मागच्या खोलीत सगळं कालच्यासारखंच होतं. तबकडी प्लेअरवर होती तिथंच होती. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. कोरा पांढरा कागद जिथं संपतो तिथं, गुळगुळीत काळ्या पट्टीत, खिळ्यानं ओरखडल्यासारखा एक बारीक आकडा होता. चार. उलटून पाहिलं तर एक.

दुसरी तबकडी, म्हणजे जिच्यावर दुसरी बाजू होती ती, फळीवर आपल्या पाकिटात गुपचूप उभी होती. मग मावशींनी वर बसून दुसऱ्या बाजूची गाणी ऐकली ती कुठून आली?

“लाव,” त्या हवालदाराला म्हणाल्या. “काल होती तशीच, शेवटच्या वर्तुळात.”

हवालदाराला जुन्या गाण्यांचा शौक होता. त्यानं अ‍ॅम्प्लिफायर लावला, एक खटका इकडे फिरवला, सुई अलगद टेकवली. रेकॉर्ड फिरू लागली. बाईंनी पाहिलं, की हवालदार प्रत्येक फेऱ्याला नकळत मान हलवतोय.

“काय आहे?”

“खट्-खट् येतंय ना. सुई शेवटाला पोचली की फिरता फिरता असं वाजतच राहतं. उठून बंद करेपर्यंत थांबत नाही.”

त्या पुढे सरकल्या, उजवा कान स्पीकरला लावला. आता कळलं. बारीक, पण नेमानं येणारा ठोका. “काल आपण आलो तेव्हा हे येत होतं?”

हवालदार विचारात पडला. “नाही. पण तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून…”

“मला येत नाही ऐकू,” फौजदारबाई म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. “काल शांतता होती ती मी माझ्या कानाच्या माथी मारली.”

हवालदारानं खाली पाहिलं. “माहीत आहे, बाई. तीन वर्षं मी तुमच्या उजवीकडूनच चालतोय.”

बाईंनी अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट केलं. मग त्यांनी विचारलं, आत्ता त्यानं फिरवला तो खटका कसला. आवाज कुठून घ्यायचा ते ठरवायचा, हवालदारानं दाखवलं. एका टोकाला रेकॉर्ड, दुसऱ्या टोकाला वायफायवर चालणारी यंत्रं. आणि यंत्र बंद करायचा खटका वेगळा, पलीकडचा.

मुलानं काल दोन फिरवले होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे धुळीत काडेपेटीएवढा एक चौकोन स्वच्छ होता. तिथं ठेवलेलं काहीतरी कुणीतरी नुकतंच उचललं होतं.

साडेदहाला इस्पितळातून शवविच्छेदनाचा अहवाल आला. बाईंनी तो उभ्यानंच वाचला, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मग वही उघडून काल लिहिलेली मावशींची ती फालतू ओळ पाहिली आणि हळूच खुर्चीच्या कडेला बसल्या.

“चौघांना बोलव,” त्या म्हणाल्या. “लगेच.”

६

साडेअकराला चौघं त्या खोलीत उभे होते. रिकाम्या खुर्चीत कुणी बसायला तयार नव्हतं. सुईची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. साडेबाराला नवऱ्याला वळवायचं होतं.

फौजदारबाई म्हणाल्या की काल इथं रेकॉर्ड वाजलीच नाही. मावशींनी पहिल्या आणि दुसऱ्या बाजूची गाणी ऐकली, पण प्लेअरवर जी तबकडी होती तिच्यावर दुसरी बाजू नाहीच. तिच्या पाठीला चौथी आहे. पुन्हा, प्लेअरची सुई शेवटाला फिरत होती तरी ठोका येत नव्हता, कारण अ‍ॅम्प्लिफायर दुसरीकडून आवाज घेत होता. कुणीतरी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वायफायची डबी ठेवून गाण्यांची नक्कल फोनवरून, लांबून लावली, मध्ये उलटण्याएवढी शांतताही ठेवली, आणि रेकॉर्ड नुसती देखाव्याला फिरत ठेवली. म्हणजे चार वीसला इथं कुणी उठून काही उलटलं नाही. तेव्हा चार वीसला कोण कुठं होतं याला काही अर्थ उरत नाही. अर्थ आहे तो चारच्या आधीच्या वेळेला, साडेतीनच्या सुमाराला.

“डॉक्टरसाहेब असते तर त्यांनी दुसरी तबकडी लावून ठेवली असती. सुई असती तर तिनंही. हे दोघं ती चूक करूच शकत नाहीत. ज्यानं केली त्याला वाटलं, एकाच्या पाठीला दोन असणारच. फोनमध्ये तसंच असतं, एकानंतर दोन. लेबलं कोरी, मग कुठली बाजू वर आहे ते कोण बघतंय. त्यानं जन्मात कधी ही मैफल हातानं लावली नव्हती.”

सगळे मुलाकडे पाहू लागले. तो शांत होता. बाईंनी त्याला संधी दिली. त्याचा फोन मागितला, तो त्यानं दिला नाही. म्हणाला, हा सगळा तर्क आहे. नक्कल कुणाकडेही असू शकते. आणि मी तर ती मैफल ऐकलेलीही नाही.

“तसंही असेल,” बाई म्हणाल्या. “माझ्याही तर्काला एक गोष्ट आडवी येते. मावशी, तो खोकला सांगा.”

मावशींनी सांगितलं. एरवी दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात येतो, काल पहिल्या गाण्यात दोनदा आला. बाई म्हणाल्या, की खोकला तर रेकॉर्डवरचा आहे. तो ऐकू आला याचा अर्थ रेकॉर्ड खरंच वाजत होती, आणि मग माझं सगळं मुसळ केरात.

“नाही,” मुलगा म्हणाला. “खोकला येणं शक्य नाही. मी तो काढून टाक—”

तो थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं होतं, पण त्याचा चेहरा ज्यामुळे उतरत चालला होता ते वेगळंच होतं. तो मावशींकडे वळला.

“तुम्ही नक्की ऐकलात? पहिल्या गाण्यात?”

“नक्की. गाणं सुरू झालं न झालं तोच. एकदा, आणि मग जरा वेळानं परत. रेकॉर्डवरचा असतो त्याहून ओला होता.”

फौजदारबाईंनी अहवाल उघडला, पण वाचून दाखवला नाही. साध्या शब्दांत सांगितलं, की रक्त डोक्याच्या आत हळूहळू साकळत गेलं. पडल्यावर तबकडीवाले बेशुद्ध होते, पण तासभर तरी जिवंत होते. चार वाजता जिवंत होते. कुणी डॉक्टर बोलावला असता तर कदाचित आजही असते.

मुलगा त्या खुर्चीच्या पायाशी बसला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली आणि त्याला कुणी थांबवलं नाही. गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी तो आठवडाभर दुकान सांभाळत होता. तेव्हा संच एका स्टुडिओत नेऊन दिला. त्यांनी चार फाइली दिल्या, एक ते चार, ओळीनं. त्यानं त्या घासूनपुसून स्वच्छ केल्या, खरखर काढली, खोकला काढला, आणि आईचा आवाज यंत्राला शिकवला. काल दुपारी बाबांनी बोलावलं. पुसून टाक सगळं, म्हणाले. जी गाणी तिनं म्हटली नाहीत ती तिच्या तोंडी घालू नकोस.

“मी म्हटलं, तुमच्याकडे ती दर गुरुवारी थोडी थोडी झिजतेय. मी तिला जिवंत ठेवतोय. त्यांनी माझ्या हातातला फोन ओढला. मी ढकललं. एकदाच.” तो श्वास घ्यायला थांबला. “हाक मारली, हलवलं. मला वाटलं गेले. मला खरंच वाटलं गेले.”

“वाटलं,” फौजदारबाई म्हणाल्या. “आणि मग डबी ठेवली, रेकॉर्ड फिरवली, ऑफिसात जाऊन गाणं लावलंत.”

त्यानं विचारलं, तो खोकला, रेकॉर्डवरचा, कुणाचा आहे.

उत्तर सुईनं दिलं. “तुमच्या बाबांचाच. त्या मैफलीत ते पहिल्या रांगेत बसले होते. ताप होता तरी गेले होते. आयुष्यभर त्यांना त्याची लाज वाटायची, की तिच्या एकुलत्या एका मैफलीत आपण खोकलो. मी एकदा म्हटलं, काढता येतो तो आता. तर म्हणाले, राहू दे. तेवढ्या एका जागी आम्ही दोघं एकत्र आहोत.”

मुलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मावशी रडू लागल्या, म्हणाल्या की मी कप ठेवून खाली आले असते तर. दंतवैद्यानं त्यांना धरून जिन्यापाशी नेलं.

बाराला दहा मिनिटं कमी होती. बाईंनी सुईला जायला सांगितलं. ती निघाली, पण दारातून परत फिरली. फळीवरून दुसरं पाकीट काढलं, प्लेअरवरची तबकडी उतरवून तिच्या पाकिटात घातली आणि दोन्ही छातीशी धरून बाईंकडे पाहिलं. पुरावा म्हणून न्यायच्या असतील तर उभ्या न्या, एकीवर एक ठेवू नका, एवढंच म्हणाली. मग त्या हवालदाराच्या हाती दिल्या आणि घराकडे चालू लागली. नवऱ्याला डाव्या कुशीवर वळवायचं होतं.